पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि मनातली धाकधूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरच्या तपासणीत ज्यांचा रिपोर्ट ‘ॲबनॉर्मल’ येतो, त्या बायकांसोबत बसून मी एक प्रश्नावली भरून घेते. त्यातले प्रश्न सगळे मनाबद्दलचे असतात. वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर, कळवा अशा भागांतून बायका येतात. फॉर्म पुढे केला की आधी त्याच मला विचारायला लागतात. त्यांचे तेच प्रश्न इथे घेतलेत.

रिपोर्ट ‘ॲबनॉर्मल’ आलाय. म्हणजे कॅन्सरच ना?

बहुतेक जणींच्या बाबतीत नाही. ही तपासणी मुख्यतः कॅन्सर होण्याआधीचे बदल पकडण्यासाठी आहे. पॅप तपासणीत पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन बघतात, तिच्या रिपोर्टवर इंग्रजी अक्षरं असतात. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण ठामपणे काही सांगता येत नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, आणि हे पुष्कळदा आपोआप जातात. ‘एचएसआयएल’ आला तर मात्र चालढकल करायची नाही. तोही सहसा कॅन्सर नसतो, पण तसाच सोडला तर पुढे होऊ शकतो. व्हीआयए ही दुसरी तपासणी, तिच्यात पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरसारखंच, आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते बघतात. साध्या सुजेनेही असा डाग दिसू शकतो.

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार चालू नसतील तर ५ ते १० वर्षं. पुढची तपासणी करून घ्यायला म्हणून आपल्या हातात वेळ असतो. पण संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, तर रिपोर्ट काहीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

भीती मोजता कशाला? कमी करा की.

हा प्रश्न मला सगळ्यात योग्य वाटतो, म्हणून उत्तरही स्वतःपासून सुरू करते.

काही वर्षांपूर्वी माझाच रिपोर्ट आला होता. शनिवारी दुपारी एका लॅबमधून फोन आला. मी गावदेवीच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होते. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट ॲबनॉर्मल आहे, डॉक्टरांना भेटून घ्या.” मी विचारलं, ॲबनॉर्मल म्हणजे काय? “ते डॉक्टर सांगतील.” डॉक्टर सोमवारी संध्याकाळी. मेथीचे पैसे देऊन घरी आले, आणि जुडी दुकानातच राहिली हे रात्री कळलं. रविवारी घरात पाहुणे होते. पुऱ्या तळत होते आणि डोक्यात एकच हिशोब चालू होता, मुलगी दहावीला जाईपर्यंत तरी मी असेन का. सोमवारी डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं की सौम्य बदल आहे, वर्षभराने परत बघू. त्या केबिनबाहेर मला कुणी विचारलं असतं, “कसं वाटतंय?” तर मी म्हणाले असते, “बरं आहे.” तो रविवार कुठल्याच कागदावर आला नसता.

मोजतो ते त्या रविवारसाठी. भीती कधी चढते, कशाने चढते, कुणाला जास्त होते हे कळल्याशिवाय ती कमी कशी करायची, हे दवाखान्याला कळत नाही. आणि दवाखान्यात आकडा दाखवल्याशिवाय कामाची पद्धत बदलत नाही, हा माझा अनुभव आहे.

कोणकोणत्या प्रश्नावल्या असतात?

ढोबळ मानाने दोन जाती. एक, कुठल्याही आजारात चालणाऱ्या. एसटीएआय हा चिंतेचा मापदंड सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यात २० प्रश्न ‘आत्ता या क्षणी कसं वाटतंय’ याचे आणि २० ‘एरवी तुमचा स्वभाव कसा आहे’ याचे. प्रत्येक भागाचे गुण २० ते ८०. ओपीडीत एवढा वेळ कुणाकडे नसतो, म्हणून १९९२ मध्ये त्याचा सहा प्रश्नांचा छोटा अवतार आला. दुसरी हॅड्स, १९८३ सालची, १४ प्रश्नांची. सात चिंतेचे, सात उदासीचे, दोन्हीकडे ० ते २१ गुण. सातपर्यंत ठीक, ८ ते १० म्हणजे लक्ष ठेवायचं, ११ किंवा त्यापुढे नीट बोलून घ्यायला हवं. शिवाय आयईएस आहे, १९७९ ची, एखाद्या धक्क्याच्या आठवणी किती घुसतात आणि माणूस त्या किती टाळतो ते बघणारी.

दुसरी जात खास याच तपासणीसाठी केलेली. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये तयार झालेली पीप्स-क्यू त्यातली एक. अशी वेगळी प्रश्नावली लागली, कारण साधारण चिंतेच्या प्रश्नावल्या ‘मला मूल होईल का’, ‘नवऱ्याजवळ जाताना संकोच वाटतो का’, ‘आपण अस्वच्छ आहोत असं वाटतं का’ हे विचारतच नाहीत. आकडा सामान्य येतो आणि बाई आतून खचलेली असते. मला विचाराल तर दुसरी जात नसेल तिथे फक्त पहिलीवर विसंबून ‘बायका ठीक आहेत’ असं म्हणणं चुकीचं आहे.

प्रश्न मराठीत असूनही विचित्र का वाटतात?

कारण ते मुळात मराठीत सुचलेले नाहीत. आणि माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग हाच आहे.

हॅड्समध्ये एक प्रश्न आहे, भीतीने पोटात फुलपाखरं उडाल्यासारखं होतं का, अशा अर्थाचा. आपल्याकडे भीतीने पोटात फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो. म्हणून एका मसुद्यात तसंच लिहिलं: ‘पोटात गोळा आल्यासारखं होतं का?’ कागदावर अगदी चपखल. पहिल्याच दिवशी लोकमान्यनगरच्या एका मावशींना तो वाचून दाखवला. त्यांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली, हात बेंबीखाली नेला, आधी डावीकडे दाबून पाहिलं, मग उजवीकडे. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “ताई, गोळापण आहे का? रिपोर्टात लिहिलंय?”

तो फॉर्म मी तिथेच बंद केला आणि अर्धा तास त्यांच्याशी नुसतं बोलत बसले. ज्या बाईच्या मनात कॅन्सर आहे तिला ‘गोळा’, ‘गाठ’, ‘डाग’ हे शब्द म्हणीसारखे ऐकू येत नाहीत, खरेखुरे ऐकू येतात. त्या जागी आता ‘छातीत धस्स होतं का’ असं विचारतो. असा शब्द बदलला की आधी बायकांना ऐकवून बघावा लागतो, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि ताडून पाहायचा. हे न करता परस्पर बदलला तर आपला आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी लावता येत नाही.

दुसरा शब्द ‘निवांत’. ‘मी निवांत आहे’ याला एकीने उत्तर दिलं, “सहाला पाणी येतं, साडेसातला दोन डबे, निवांत कसली?” तिने ‘अजिबात नाही’ला खूण करायला सांगितली. हा प्रश्न उलटा मोजतात. ‘नाही’ म्हटलं की चिंतेचे गुण वाढतात. म्हणजे तिच्या पाण्याच्या वेळा आणि डबे भीतीच्या खात्यात जमा झाले! आता ‘जिवाला शांत वाटतं का’ असं विचारतो. ‘चिंताग्रस्त’ तर कुणी बोलतच नाही, आणि ‘टेन्शन’ सिलिंडरपासून हप्त्यापर्यंत सगळ्याचं असतं. म्हणून ‘रिपोर्टचं टेन्शन’ असं पूर्ण म्हणावं लागतं.

एकदा विचारलं ना, मग परत परत का?

रिपोर्ट हातात आल्यापासून पुढच्या तपासणीपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. ठिकठिकाणच्या अभ्यासांत हेच दिसलंय. तपासणी होऊन नीट समजावून सांगितलं की बहुतेकींची भीती उतरते. पण काहींच्या मनात काही गोष्टी महिनोन् महिने राहतात, विशेषतः मूल होण्याबद्दलच्या आणि नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलच्या. एकदाच विचारलं तर उतरणारी भीती आणि राहणारी भीती वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय एखादी बाई मुळातच काळजी करणारी असेल तर रिपोर्टमुळे किती वाढलं, हे तिच्या आधीच्या आकड्याशिवाय कळणार नाही. म्हणून जमेल तिथे तपासणीच्या आधीच एक छोटा फॉर्म भरून घेतो.

मला तर काहीच वाटलं नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. खरंच काही वाटत नसेल तर तसंच लिहू दे. मी फक्त एक विचारते: रिपोर्टात काय आलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. कधी कधी तो कळलेलाच नसतो. आणि कधी कळलेला असून बाजूला सारलेला असतो. किसननगरच्या एका ताईंनी रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला होता. आठवण येते का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “नाही हो. तांदूळ तळाला लागले की मग येते.” चिंतेचे गुण त्यांचे कमी होते. टाळण्याचे जास्त. पुढच्या तपासणीला, म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीने बघतात तिला, त्या दोनदा आल्या नव्हत्या.

एचपीव्ही निघालाय. म्हणजे नवऱ्याचं बाहेर काही आहे का?

हे विचारताना बायका आवाज खाली आणतात, काही तर दार लागलंय ना ते आधी बघतात. नीट ऐका. एचपीव्ही अतिशय सामान्य विषाणू आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, आणि दहापैकी साधारण नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला घालवून देतं. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, तुमचा किंवा त्यांचा. या रिपोर्टवरून कुणावर आरोप करता येत नाही, आणि स्वतःला दोष देण्याचंही कारण नाही.

ब्रिटनमधल्या अभ्यासात एक गोष्ट दिसली होती: पेशी अगदी नॉर्मल, पण एचपीव्ही पॉझिटिव्ह, अशा बायकांनाही नॉर्मल रिपोर्टवाल्यांपेक्षा जास्त काळजी आणि लाज वाटत होती. आजारापेक्षा ‘हा असा पसरतो’ हे ऐकण्याचा चटका मोठा होता. आता एचपीव्हीची तपासणी आपल्याकडेही वाढतेय, तेव्हा रिपोर्ट देतानाच हे चार शब्द सांगितले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

पिशवी काढावी लागेल का?

‘ॲबनॉर्मल’ रिपोर्ट आला म्हणून पिशवी काढायची नसते. आधी दुर्बिणीने तपासणी, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला, आणि बदल खरंच गंभीर असतील तर तेवढाच भाग जाळून, गोठवून किंवा तारेच्या कडीने काढून टाकतात. पुष्कळदा त्याच दिवशी घरी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली, ती अजून बायकांच्या लक्षात आहे, आणि ही भीती त्यामुळे खोल गेलीय. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दुर्बिणीची तपासणी दुखते का?

पोटात दुर्बीण घालत नाहीत, हे आधी सांगते. दुर्बीण बाहेरच असते. पॅपच्या वेळी लावतात तेच साधन लावून पिशवीचं तोंड मोठं करून बघतात. अवघडल्यासारखं होतं, तुकडा घेताना चिमटा बसल्यासारखं दुखू शकतं. भीती कमी करायला काय चालतं यावर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतलाय. माहितीपत्रकं वाचून बायकांना माहिती जास्त झाली, पण भीती कमी झाली नाही. तपासणी चालू असताना गाणी लावल्याने मात्र भीतीही कमी झाली आणि दुखणंही. तर मोबाइल आणि इअरफोन घेऊन या. सिस्टरना सांगा, त्या नाही म्हणणार नाहीत.

घरी कळेल का?

माझ्याकडून नाही. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. पण सोबत आलेली सासू किंवा जाऊ शेजारी बसली असेल तर मी त्यांना पाणी प्यायला, केसपेपर काढायला पाठवते. त्या बसलेल्या असताना दिलेली उत्तरं वेगळी असतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय. तुमच्याच गल्लीतल्या ओळखीच्या ताईने फॉर्म भरून घ्यावा असं वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा, दुसरी कुणी येईल.

मला वाचता येत नाही.

मी वाचते. उत्तरासाठी चार वाट्या आहेत, रिकामी, थोडी भरलेली, अर्धी, काठोकाठ. बोट ठेवा.

असं खोदून विचारल्याने भीती वाढत नाही का?

क्वचित वाढते, थोडा वेळ. रडू आलं तर आपण थांबतो. पण बहुतेक जणी उठताना म्हणतात की हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. चुकीच्या शब्दाने विचारलं तर मात्र नक्की वाढते. ‘गोळा’ची गोष्ट वर सांगितलीच.

आकडा जास्त आला तर ठाण्याला पाठवाल का?

ठाण्यात राहून बायका हे विचारतात. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि ‘ठाण्याला पाठवा’ हा शब्दप्रयोग त्यामुळेच रुजला. नाही, पाठवत नाही. मोठा आकडा म्हणजे वेड नव्हे. या काळात तो मोठा येणं समजण्यासारखं आहे. त्या दिवशी आपण आणखी बोलतो, पुढची तपासणी लवकर करता येईल का ते डॉक्टरांशी बोलते, आठवड्याने फोन करते. झोप, जेवण पार उडालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी देते. रात्रीबेरात्री जीव घाबरला तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

‘टाटा’ या नावाचंही असंच. खारघरचं किंवा परळचं नाव चिठ्ठीवर दिसलं की बायका हबकतात. तिथे पाठवणं म्हणजे निदान झालं असं नाही, जास्त नीट तपासायला पाठवलं एवढंच.

एवढा मनस्ताप होतो, तर तपासणी न केलेली बरी नाही का?

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला धरून धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या साधारण निम्मे होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तीही डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या बायका आपल्याच, धाराशिवकडच्या आणि मुंबईतल्या. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरात जेमतेम दोघींनीच ही तपासणी कधी केलेली होती. एकीला नीट न सांगितलेला रिपोर्ट तिच्या चाळीतल्या दहाजणींना तपासणीपासून लांब ठेवतो. म्हणून मी तपासणीच्या विरोधात नाही, रिपोर्ट असा हातात टेकवण्याच्या विरोधात आहे.

आईचा रिपोर्ट असा आलाय. मी काय बोलू?

“काही होत नाही गं” म्हणू नका. तिला ते टाळल्यासारखं वाटतं. तारीख विचारा, सोबत जा, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते वहीत लिहून घ्या. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात निम्मंच शिरतं.

फॉर्म भरला नाही तर उपचार थांबतील का?

नाही. मधेच सोडला तरी चालेल.

शेवटच्या पानावर मोकळी जागा कशाला सोडलीय?

आकड्यात न बसणारं लिहायला. काही जणी देवाचं नाव लिहितात. कळव्याच्या एका ताईंनी, दहावी नापास असं स्वतःच सांगणाऱ्या, मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली होती: ‘असा रिपोर्ट शनिवारी देऊ नका.’ मी ते पान झेरॉक्स करून ओपीडीच्या सिस्टरना दिलं, माझी मेथीची गोष्टही सांगितली. आता तिथे ॲबनॉर्मल रिपोर्ट सोमवार ते बुधवार देतात, दुपारी बारानंतर, डॉक्टर केबिनमध्ये असताना. फोनवर फक्त वेळ सांगतात.